मुरली की विटली?

लोणचं मुरलंय की नाही, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात मीठ वेगळं लागतं, तिखट वेगळं, कैरीचा आंबटपणा वेगळा. दोन-तीन महिने गेले की फोड जिभेवर ठेवल्यावर यातलं काहीच सुटं सापडत नाही, सगळं मिळून एकच चव लागते. मीठ कमी पडलं किंवा ओला चमचा बरणीत गेला, तर तेवढ्याच काळात तेच लोणचं विटतं. दिवस दोन्ही बरण्यांवरून सारखेच गेलेले असतात.

चाळीस वर्षांची व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच सालाची पोर्तुगालची गोड, कडक वाईन, समोर आली की तिलाही हाच प्रश्न विचारायचा: मुरली की विटली? रंग बघणं, वास घेणं, घोट तोंडात घोळवणं हे सगळं या एका प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठी. आणि हे उत्तर काढायला लागणारे बहुतेक वास, बहुतेक चवी कोल्हापुरातल्या माणसाच्या नाकात आणि जिभेत आधीपासून असतात. परदेशी टिपणांमधली ब्लॅककरंट आणि व्हायोलेटची फुलं पाठ करण्याची काहीच गरज नाही. जे आपण कधी हुंगलंच नाही, ते ग्लासात शोधायचं कसं?

आधी नावाचा घोटाळा मिटवू. आपल्याकडे 'पोर्ट वाईन' म्हटलं की बहुतेकांना गोव्याकडची गोड, स्वस्त, लाल वाईन आठवते. तिचा आणि या पोर्टचा संबंध नावापुरता. पोर्ट होते ती पोर्तुगालच्या उत्तरेला, डोरो नदीच्या खोऱ्यात. 1756 सालीच या खोऱ्याच्या हद्दी सरकारी हुकमाने आखल्या गेल्या. पापुद्र्यांसारख्या फुटणाऱ्या शिस्ट खडकाच्या उतारांवर तूरिगा नासिओनाल, तूरिगा फ्रांका, तिंता रोरिश अशा जातींची द्राक्षं पिकतात. चांगल्या पोर्टसाठी अजूनही काही ठिकाणी ती दगडी हौदात पायांनी तुडवतात. रस दोन-तीन दिवस आंबतो. साखरेतली साधारण निम्मी संपली की त्यात 77 टक्के तीव्रतेचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात, चार भाग रसाला साधारण एक भाग. आंबवणारं यीस्ट तिथेच मरतं आणि उरलेली साखर वाईनमध्ये राहते. गुऱ्हाळ पाहिलेल्याला हे लगेच समजेल. काहील कधी उतरवायची, त्या घडीवर गुळव्याचं सगळं कसब असतं. जरा लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. इथेही स्पिरिट ओतायची घडी चुकली की ती चूक पुढे चाळीस वर्षं बाटलीत राहते.

यानंतर पोर्टच्या वाटा फुटतात. टॉनी पोर्ट दहा, वीस, तीस वर्षं लाकडी पिंपात राहते, लाकडातून हवा खाते, तपकिरी होते आणि गाळून बाटलीत भरली जाते. ती बाटली आणली, उघडली, प्यायली. तिला बाकी सोपस्कार नाहीत. व्हिंटेज पोर्टचं उलटं आहे. एकाच वर्षाची, निवडक द्राक्षांची वाईन साधारण दोन वर्षं लाकडात ठेवतात आणि न गाळता बाटलीत भरतात. पुढचं सगळं मुरणं काचेत, जवळजवळ हवेविना. दरवर्षी ती होतही नाही. पोर्टच्या पेढ्या पीक बघून वर्ष 'जाहीर' करतात, दहा वर्षांत साधारण तीनदा. 1963, 1970, 1977, 1985, 1994, 2000, 2011 ही अशी गाजलेली वर्षं. 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं बहुतेक पेढ्यांनी जाहीर केली, हे फार क्वचित घडतं.

लेबल वाचताना फसगत होते ती इथेच. 'कोल्हैता' लिहिलेल्या बाटलीवरही साल असतं, पण ती लाकडात मुरलेली टॉनी. 'लेट बॉटल्ड व्हिंटेज' चार ते सहा वर्षं लाकडात राहून बाटलीत येते. ती बहुधा तेव्हाच पिण्यासाठी असते, चाळीस वर्षं राखण्यासाठी नाही. नुसतं साल बघून 'जुनी व्हिंटेज' म्हणून बाटली घेणाऱ्याने आधी हे दोन शब्द शोधावेत.

समजा, 1985 ची बाटली समोर आहे. म्हणजे 1987 च्या आसपास बुचात बंद झालेली आणि तेव्हापासून काचेत पडून असलेली. पारख उघडण्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

बाटली हळूच उभी धरून मागून उजेड दाखवावा. काच जवळजवळ काळी असते, त्यामुळे मोबाईलची बॅटरी लागतेच. वाईनची पातळी मानेत किंवा मान जिथे खांद्याला मिळते तिथपर्यंत असेल तर या वयाला उत्तम. खांद्याच्या वरच्या भागापर्यंत उतरली असेल तरी चालतं. खांद्याच्या मधोमध आली असेल, तर बुचातून तेवढी वाईन गेली आणि तेवढीच हवा आत आली, असं समजून पुढे जावं. मग वरची टोपी बोटाने फिरवून बघावी. चिकटून बसली असेल तर कधीतरी गळती झालीय. एवढ्यावरून बाटली बाद ठरत नाही. जुन्या पोर्टला थोडा ओघळ असतोच. पण बूच मानेतून वर आलेलं दिसलं, तर बाटली तापलेली आहे. आतली वाईन फुगली आणि तिने बूच ढकललं. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत दोन-तीन तास राहिलेल्या बाटलीचं हेच होतं, आणि चाळीस वर्षांचं मुरणं त्या दोन-तीन तासांत बिघडू शकतं.

म्हणून कोल्हापुरात अशी बाटली सांभाळणं हे निम्मं काम. ती 12 ते 15 अंशांवर, अंधारात, आडवी हवी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घरातली हवा दुपारी पस्तिशीकडे जाते, आणि स्वयंपाकघरातल्या फडताळावर तर त्याहून वर. साधा फ्रिज चार-पाच अंशांवर चालतो, त्यातली कोरडी हवा वर्षानुवर्षं बुचाला सोसत नाही. काही महिन्यांसाठी फ्रिज परवडला, उघडं कपाट मात्र नको. वर्षांची गोष्ट असेल तर वाईनसाठीचं वेगळं छोटं कपाट घ्यावं आणि वीज गेली की त्याचं दार उघडू नये.

प्रवास करून आलेली बाटली लगेच उघडू नये. घाटातल्या वळणांवरून आलेल्या बाटलीत चाळीस वर्षांचा साका, म्हणजे तळाशी बसलेला गाळ, ढवळलेला असतो. दोन-तीन आठवडे ती आडवीच पडू द्यावी. काही जुन्या बाटल्यांवर पांढऱ्या रंगाचा फटकारा मारलेला असतो. तो वरच्या बाजूची खूण. बाटली नेहमी तीच बाजू वर ठेवून निजवली की साका एकाच बाजूला खपलीसारखा धरून राहतो. उघडायच्या आधी दोन दिवस ती हळूच उभी करावी, म्हणजे साका तळाशी जाईल.

बूच हे जुन्या पोर्टचं सगळ्यात अवघड ठिकाण. ते लांब असतं, आणि या बाटल्यांची मान मधे किंचित फुगीर असते. चाळीस वर्षांत बुचाचा खालचा भाग त्या फुगवट्यात फुगून बसलेला असतो आणि वरचा भाग सुकलेला. साधा स्क्रू घालून जोरात ओढलं की वरचा अर्धा हातात येतो आणि खालचा तिथेच राहतो. दोन पात्यांचं ओपनर बूच आणि काच यांच्यामध्ये डोलवत डोलवत खाली न्यावं आणि पिळत वर काढावं. स्क्रू वापरायचाच असेल तर तो बुचाच्या तळापर्यंत पूर्ण जाऊ द्यावा. तुटलंच तर राहिलेल्या तुकड्यात स्क्रू तिरका घालावा. भुगा आत पडला तर पडू द्यावा. वाईन मलमलीतून गाळायचीच आहे, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. फार जुन्या बाटल्यांसाठी लोखंडी चिमटा लालबुंद तापवून बुचाच्या खाली मानेला मिनिटभर धरतात, लगेच तिथे गार ओला कपडा लावतात आणि मान बुचासकट सरळ चिरते. शिकवणारं कुणी शेजारी नसेल तर हा प्रयोग करू नये.

काढलेलं बूच टाकू नये. त्यावर पेढीचं नाव आणि साल छापलेलं असतं. लेबल कुजलेलं किंवा फाटलेलं असेल तेव्हा बाटलीची ओळख पटवायला तेवढाच पुरावा उरतो.

आता निवळणं. या कामाला घाई चालत नाही. सुरई आधी हुंगून बघावी. कपाटात बंद राहिलेल्या काचेला कपाटाचाच वास लागतो, आणि भांड्याच्या साबणाचा वास तर हटकून राहतो. गरम पाण्याने विसळून, उपडी ठेवून कोरडी करावी. नरसाळ्यात मलमलीचा दुहेरी तुकडा घालायचा. तो नुसत्या पाण्यात उकळून वाळवलेला असावा, साबण किंवा कपड्यांची पावडर त्याला कधीच लागलेली नसावी. कॉफी गाळायचा कागद वापरू नये, कागदाची चव उतरते.

बाटलीच्या खांद्याखाली मेणबत्ती किंवा बॅटरी उभी करावी. उजवा हात बाटलीवर, डावा सुरईवर. एकदा ओतायला सुरुवात केली की मधे बाटली सरळ करायची नाही. सरळ केली की साका उसळतो आणि दोन दिवसांची वाट पाहणं वाया जातं. धार बारीक, एकसारखी. पहिले चार-पाच मिनिटं खांद्यातून फक्त स्वच्छ, उजेडात माणकासारखी चमकणारी वाईन जाताना दिसते. मग खांद्याच्या वळणावर धुरासारखी एक रेघ येते. ती पुढे सरकते, दाट होते, तिच्यामागे चहाच्या चोथ्यासारखे काळपट कण दिसू लागतात. रेघ मानेपाशी पोचली की हात थांबवायचा. बाटलीत 30 ते 60 मिली उरतं, ते उरू द्यावं. तो चोथा चाखून बघितला तर कळतं की तो का वगळला: कडू, तुरट, दाताखाली रवाळ.

हा साका म्हणजे काय, हे समजलं की जुन्या पोर्टची अर्धी पारख समजली. इथे चप्पल लाईनमधून एक फेरी मारावी. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं. सालीतलं आणि हिरड्यातलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून कातडं कुजत नाही. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर तोंड आवळतं तेही याच घराण्यातल्या द्रव्यांमुळे. फक्त तिथे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि जीभ खरखरीत होते. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असं टॅनिन भरपूर. नव्या व्हिंटेज पोर्टचा घोट घेतला तर साखर असूनही हिरड्या कोरड्या पडतात. वर्षं जातात तशी टॅनिनची आणि रंगाची द्रव्यं एकमेकांना जोडली जाऊन मोठी होतात, जड होतात आणि खाली बसतात. जिभेवरचा तुरटपणा असा हळूहळू बाटलीच्या तळाशी जातो. चाळीस वर्षांच्या बाटलीत साका अजिबात नसेल, तर ती व्हिंटेज पोर्ट आहे का, इथूनच शंका घ्यावी.

ग्लास साधा, ट्यूलिपसारखा, वर निमुळता. 200 मिलीच्या आसपासचा. पोर्टसाठीचा अधिकृत ग्लास आल्वारो सिझा या पोर्तुगीज वास्तुकाराने केलेला आहे, त्याच्या दांड्याला अंगठ्यासाठी खाच आहे. तो नसला तरी काही अडत नाही. लहान दारूचा पेला मात्र नको, त्यात वास धरून राहायला जागाच नसते. एका ग्लासात 50 ते 60 मिली पुरे. वाईन 16 ते 18 अंशांवर हवी. पुस्तकात 'खोलीच्या तापमानाला' असं लिहिलेलं असतं, पण ती खोली थंड देशातली. तीस अंशांवरच्या पोर्टमध्ये पहिल्यांदा फक्त स्पिरिट नाकात शिरतं आणि चांगली बाटलीही जळजळीत वाटते. सुरई वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून काढली की काम होतं. चाखायची वेळ सकाळी दहा-अकराची, न्याहारीत मिसळ नसलेल्या दिवशी. तांबड्या रश्शानंतर तीन तास तरी जाऊ द्यावेत. मिरचीने पेटलेल्या तोंडात वीस टक्के अल्कोहोल नुसतं आगीसारखं लागतं आणि बाकी काही कळत नाही. खोलीत उदबत्ती नको, अंगावर अत्तर नको.

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून काठ बघावा. नवी व्हिंटेज पोर्ट जांभळाच्या रसासारखी असते, गडद, आरपार न दिसणारी, काठापर्यंत जांभळी. दहा-पंधरा वर्षांत ती डाळिंबाच्या दाण्याकडे झुकते. चाळिशीला मध्यभागी कोकमाच्या आगळासारखा लाल आणि काठाला विटकरी, मग नारिंगी, मग जवळजवळ पाण्यासारखी पातळ कडा, असा उतार दिसायला हवा. मधला लाल जिवंत असणं महत्त्वाचं. सगळा ग्लास एकसारखा तपकिरी, कडक चहासारखा दिसला, तर हवा आत गेली असण्याची दाट शक्यता. आणि चाळीस वर्षांची म्हणून आणलेली बाटली जांभळी निघाली, तर तिचं साल पुन्हा तपासावं.

वास घेताना पहिला हुंगा ग्लास न हलवता. हा हुंगा सगळ्यात खरा, कारण नाक फार लवकर सरावतं. इथे एकच गोष्ट शोधायची, कुबटपणा. पावसाळ्यात भिजलेली पोती, ओला पुठ्ठा, महिनाभर बंद असलेलं गोदाम. कोल्हापूरच्या पावसात वाढलेल्या नाकाला हा वास समजावून सांगावा लागत नाही. बुचातून येणाऱ्या ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाच्या द्रव्याचा हा प्रताप. एक लिटर वाईनमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश एवढं ते पुरतं. घोटाळा असा, की चाळीस वर्षं बंद राहिलेली चांगली वाईनही उघडल्यावर थोडी कोंदट लागते. दोन्हींतला फरक वेळ सांगते. बंदिस्तपणाचा कोंदट वास वीस-तीस मिनिटांत उडून जातो आणि खालून फळ वर येतं. बुचाचा कुबट वास तसाच राहतो, बहुधा वाढतोच, आणि फळ दाबून टाकतो. त्यामुळे पहिल्या हुंग्याला बाटली बाद करू नये, फक्त कागदावर लिहून ठेवावं.

मग ग्लास फिरवून हुंगावा. नव्या पोर्टमध्ये ताजं फळ असतं, करवंद, जांभूळ. जुनीत तेच फळ सुकतं: मनुका, सुकं अंजीर, खजूर. त्याच्यामागून काकवी येते, ताजी, गुऱ्हाळावरची, जिच्यात गोडाबरोबर हलकासा करपट, मातकट वास असतो. मग लवंग, दालचिनी. मग निपाणीचा कोरडा तंबाखू, पानपट्टीवर डबा उघडल्यावर येतो तसा. मग नव्या चपलेचं कातडं. आणि चांगल्या बाटलीत या सगळ्यावरून तरंगणारा फुलपाल्याचा वास, ज्यासाठी मला जोतिबाला वाहतात त्या दवण्याखेरीज जवळचा शब्द सुचत नाही: हिरवा, गोडसर, थोडा औषधी. डोरोच्या उतारांवर उगवणाऱ्या चिकट पानांच्या एका झुडपाचा वास पोर्टमध्ये येतो, असं तिकडचे लोक सांगतात. आपल्या नाकाने तो दवण्याच्या घरात ठेवला तर बिघडत नाही. लिहिताना स्वतःशी प्रामाणिक राहावं, एवढंच.

सरावासाठी नऊ वाट्या मांडाव्यात. काकवी, लवंग, मनुका, अंजीर, तंबाखूची चिमूट, अक्रोड, चिंच, कातड्याचा तुकडा आणि भाजलेले मेथीदाणे. डोळे मिटून हुंगाव्यात, मग ग्लास हुंगावा. मेथीची वाटी विसरू नये. मेथीच्या वासामागचं सोटोलोन नावाचं द्रव्य पिंपात हवा खात मुरलेल्या जुन्या पोर्टमध्ये वर्षांगणिक वाढत जातं. म्हणून जुन्या टॉनीमध्ये मेथी, अक्रोड, जळकी साखर यांचा वास गुणाचा धरतात. व्हिंटेज पोर्टमध्ये त्याची झाक आली तर हरकत नाही, पण मेथी आणि अक्रोड पुढे आणि मनुका मागे असं झालं, तर बुचाने दगा दिलाय. एकच वास एका बाटलीत मुरल्याची खूण असतो आणि दुसरीत विटल्याची, तो याच कारणाने.

आणखी दोन दोष. नखांचं पॉलिश काढायच्या द्रवासारखा झणझणीत वास आला तर तो इथिल अॅसिटेटचा. अगदी पुसट असेल तर तो फळाला उचलून धरतो, नाकात टोचायला लागला तर वाईन बिघडलेली. दुसरा, शिजवलेल्या जॅमसारखा सपाट गोड वास. फळ आहे, पण त्यात ताजेपणाचा मागमूस नाही. ही तापलेली बाटली. बूच वर आलेलं होतं का, हे आठवावं.

आता घोट, 10 ते 15 मिली. गिळायच्या आधी तोंडभर घोळवावा, ओठांतून थोडी हवा ओढावी. चार गोष्टी एकामागून एक तपासायच्या: साखर, आम्ल, टॅनिन, स्पिरिट. व्हिंटेज पोर्टमध्ये लिटरला साधारण 90 ते 110 ग्रॅम साखर असते. ऐकायला भरमसाट वाटतं, पण आपल्या उसाच्या रसात त्याहून जास्त असते. पोर्ट चिकट गोड का लागत नाही, हे समजण्यासाठी घरी एक सोपा प्रयोग करावा. 100 ग्रॅम साखर विरघळवून एक लिटर पाणी करावं. अर्ध्यात काही घालू नये, उरलेल्या अर्ध्यात एका मोठ्या लिंबाचा रस पिळावा. साखर दोन्हींत तेवढीच, पण पहिलं पाणी घशाशी येतं आणि दुसरं आणखी प्यावंसं वाटतं. पोर्टमध्ये लिंबाचं काम मुख्यतः टार्टारिक आम्ल करतं, चिंचेत असतं तेच. चाळीस वर्षांनी फळ ओसरलं आणि आम्लही पहिल्यापासून कमी होतं, तर नुसती साखर मागे उरते. अशी वाईन दोष नसूनही निर्जीव लागते.

स्पिरिट घशात कळतं. 20 टक्के अल्कोहोल आहे म्हटल्यावर ऊब येणारच. ती छातीत पसरली तर ठीक. घशात एका जागी चटका बसला, किंवा गोड इकडे आणि दारू तिकडे अशी दोन तोंडं लागली, तर या वाईनचं मुरणं राहिलंय किंवा आता होणारच नाही. वय इथे पाहावं लागतं. पाच ते पंधरा वर्षांच्या मधे बऱ्याच व्हिंटेज पोर्ट मुक्या होतात. नव्या फळाचा जोर सरलेला असतो आणि म्हातारपणाचे वास आलेले नसतात. त्या वयात सुटेपणा जाणवला तर बाटल्या परत निजवाव्यात. चाळिशीत तोच सुटेपणा असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. फळ ओसरत जाईल आणि स्पिरिट मात्र तेवढंच राहील. तुटलेपण आणखी वाढेल.

घोट गिळल्यावर घड्याळ बघावं. चव किती सेकंद राहते यापेक्षा ती रेंगाळताना बदलते का, हे मला जास्त मोलाचं वाटतं. साध्या बाटलीत गोडवा दहा सेकंदांत विरतो. चांगल्या बाटलीत मनुका जाऊन काकवी येते, काकवी जाऊन लवंग, आणि अर्धं-पाऊण मिनिट झाल्यावर शेवटी पुसट, सुखद कडवटपणा राहतो, पानातल्या कातासारखा. शंभरापैकी गुण देण्याची पद्धत आहे, पण 93 आणि 94 मधला फरक दुसऱ्या वाचकाला काहीच सांगत नाही. 'अठ्ठेचाळीस सेकंद, शेवट कात' हे सांगतं.

जास्त ग्लास चाखायचे असतील तर शेजारी पिकदाणी ठेवावी आणि संकोच न करता वापरावी. मधे खायला साधी पोळी किंवा मीठ न लावलेले अक्रोड. गुळाच्या पोळीबरोबर पोर्ट देण्याचा मोह होतो, पण पोळी वाईनपेक्षा गोड असते आणि तिच्यापुढे पोर्ट आंबट, रोडावलेली लागते. भडंग तर नकोच.

जुन्या पोर्टला हवा किती द्यायची यावर वाद पुष्कळ. माझ्या मते वीस-पंचवीस वर्षांच्या बाटलीला सुरईत तीन-चार तास, चाळिशीच्या बाटलीला एक ते दोन, साठीच्या पुढे निवळून लगेच ग्लासात. पण हे अंदाज. खरं उत्तर चाखूनच कळतं, म्हणून एका कागदावर वेळा आखून घ्याव्यात: उघडल्याबरोबर, अर्ध्या तासाने, एक तासाने, दोन, चार, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी. प्रत्येक वेळी दोनच ओळी लिहायच्या, काय वाढलं आणि काय गेलं. पहिल्या तासात फळ वर आलं आणि चार तासांनंतरही टिकलं, तर बाटलीत दम आहे. पहिल्या अर्ध्या तासात फुलून दुसऱ्या तासाला मेथी-अक्रोडावर उतरली, तर ती आता शेवटच्या टप्प्यात आहे.

दुसऱ्या दिवशीची नोंद बरेच जण टाळतात, कारण सुरईत तोवर काही उरत नाही. 50 मिली बाजूला काढून छोट्या बाटलीत, काठोकाठ भरून, फ्रिजमध्ये ठेवावं. चोवीस तासांनी ते सोळा-सतरा अंशांवर आणून चाखावं. त्याच पेटीतल्या आणखी बाटल्या आडव्या निजलेल्या असतील, तर त्या यंदाच्या थंडीत उघडायच्या की आणखी दहा वर्षं हलवायच्या नाहीत, हे या शेवटच्या घोटावरून ठरवायचं, आणि तारीख घालून तो कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायचा.